मामेसासरे मोजतात

जगात मोजता येत नाही अशी एकही गोष्ट नाही, असं मानणारा माणूस पाहायचा असेल तर तुम्ही माझ्या मामेसासऱ्यांना पाहायला हवं होतं. देवळाच्या पायऱ्या, पाव विकणाऱ्या पोदेरच्या टोपलीतले उंडे, भटजींच्या शिंका, शेजारणीच्या हाका, सगळं त्यांच्या वहीत होतं. मी गोव्यात डिचोलीला मुलगी पाहायला गेलो तेव्हा हे गृहस्थ दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर वही घेऊन बसले होते. मला वाटलं पोथी असेल. लग्नानंतर बायकोनं ते पान दाखवलं. "मुलगा एकूण सोळा वाक्यं बोलला. त्यांतली अकरा 'हो', तीन 'चालेल'. भांडणार नाही. मुलगी द्यावी." एवढ्या अभ्यासावर माझा संसार उभा राहिला. अंदाज चुकला असंही म्हणता येत नाही, कारण बायको विचारते तेव्हा मी अजून 'हो'च म्हणतो.

ही सवय त्यांना धंद्यानं लागली होती. शिरगावच्या एका खाणीच्या फाटकावर, पत्र्याच्या खोपटीत बसून त्यांनी तीस वर्षं ट्रक मोजले. भरलेला ट्रक बाहेर पडला की लाल पेनाची रेघ, रिकामा परत आला की निळ्या पेनाची. जेवताना डावा हात वहीवरच असायचा. मग खाणी बंद पडल्या, रस्ता सुनसान झाला आणि मामा घरी बसले. आठ दिवसांत मामींचा मला फोन. "जावईबापू, यांका खंय तरी घेऊन जावा हो. माझे उसासे मोजतत आणि संध्याकाळी आकडो सांगतत!"

मी तेव्हा एका व्यावसायिक फुटबॉल क्लबाचा मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे बस ठरवायची, हॉटेलात शाकाहारी किती ते कळवायचं, धुतलेल्या जर्स्या वेळेवर आल्या का पाहायचं. मामांना एका सामन्याला नेऊन बाकावर बसवलं आणि विसरून गेलो. सामना संपल्यावर पाहतो तर आमचे कोच, सासष्टीचा धिप्पाड माणूस, मामांच्या वहीवर वाकलेले. मामांनी प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे रेघा ओढल्या होत्या. पास आपल्याच माणसाला पोचला तर भरलेली खेप, लाल. वाटेत हरवला तर रिकामी, निळी. कोचनी विचारलं, "ही पोर्तुगालची पद्धत काय, मामा?" मामा म्हणाले, "नाय, शिरगावची."

मोठ्या क्लबांकडे या कामाला लॅपटॉप आणि शिकलेली माणसं असतात. आमच्याकडे एक लॅपटॉप होता, त्यावर बसची तिकिटं निघायची. त्यामुळे मामा आमचे 'अ‍ॅनालिस्ट' झाले. चेष्टा नाही, गळ्यात ओळखपत्र आलं. तिसऱ्या सामन्यानंतर त्यांनी सांगितलं, "उजव्या अंगानं सगळ्यो खेपो रिकाम्यो जातत. तो रस्तो बंद करा." कोचनी खेळ डावीकडे वळवला आणि आम्ही जिंकायला लागलो. चेअरमनसाहेब तर हरखूनच गेले. पाहुणे आले की ती वही मागवून घ्यायचे आणि स्वतःच लिहिल्यासारखी समजावून सांगायचे. मामांची मान ताठ झाली. मामींनी वहीला खाकी कव्हर घातलं. त्या दिवसांत मामा मला जरा असह्यच झाले होते, खोटं कशाला बोलू?

याच भरात वही उघडली केरीच्या खेळाडूच्या पानावर. समुद्रातून रापणीचं जाळं ओढणाऱ्या घरातला, तेहतीस वर्षांचा, अबोल गडी. बारा वर्षं आमच्या क्लबात बचावफळीच्या पुढ्यात उभा राहायचा. त्याचं पान जवळजवळ कोरं होतं. लाल थोडं, निळं त्याहून थोडं. त्याला अजून एकच वर्ष हवं होतं. ते पुरं झालं की क्लबातच लहान मुलांचा कोच म्हणून ठेवायचं, असं कोचनी त्याला सांगून ठेवलं होतं. चेअरमननी ते पान पाहिलं आणि म्हणाले, "हा तर काहीच करत नाही!" कोच तावातावानं म्हणाले, "तो उभा असला की मला रात्री झोप लागते." चेअरमन म्हणाले, "मग झोपेचा आकडा आणा." मामा शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली. आकडा नाही त्याला ते तरी काय करणार? करार वाढवायचा नाही असं ठरलं आणि त्याच्या जागी एका जवान पोराची सही झाली.

पुढच्या सामन्याला त्या पोराला उतरवलं. आणि मग काय सांगू! समोरची टीम मधूनच यायला लागली. चेंडू घेऊन येतात काय, बचाव फाडतात काय, चार गोल झाले आमच्यावर. मामांची लाल रेघ थांबेना. समोरच्यांच्या पानावर जागा संपली, ते मागच्या पानावर गेले. परतताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले आणि खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाले, "खाणीच्या वळणार एक बावटेवालो होतो."

मी म्हटलं, "कोण बावटेवाला?"

"म्हातारो. लाल बावटो घेऊन दिवसभर उभो. माझ्या तक्त्यात त्या वळणाच्या अपघातांचो रकानो होतो. दर महिन्याक शून्य. एक दिवस साहेबान तो तक्तो बघितलो आणि म्हणालो, थंय काय होतच नाय, मग ह्यो माणूस कित्याक? काढलो त्याका. पंधरा दिवसांत टिप्पर घळीत गेलो. ड्रायव्हर वाचलो, पण पाय गेलो त्याचो." मग मांडीवरची वही मिटून म्हणाले, "तक्तो माझ्या अक्षरात होतो, जावईबापू."

शेवटचा सामना निरोपाचा म्हणून कोचनी भांडून केरीवाल्याला उतरवलं. त्या दिवशी मामांनी दुसऱ्या कोणाकडे पाहिलंच नाही. चेंडू कुठं आहे हेही नाही. समोरचा खेळाडू मधून यायला निघाला, याला पुढ्यात बघून थबकला आणि चेंडू मागं पाठवून दिला, की एक रेघ. नव्वद मिनिटांत चौदा रेघा. त्या चौदांत एकदाही याचा पाय चेंडूला लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा सदरा घालून चेअरमनपुढे उभे. चेअरमन हसले. "मामा, तुमच्याच वहीवरून आम्ही ठरवलं. आता म्हणता तुमचे आकडे चुकले?"

"आकडे बरोबर असत, साहेब. चुकलंय मी."

चेअरमन वाईट माणूस नव्हते. पण नव्या पोराची सही झाली होती आणि क्लबाला दोघांना ठेवणं झेपणारं नव्हतं. ते म्हणाले, "आता उशीर झाला." मामांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "गाडी काढ. केरीक जावया."

माझ्या स्कूटरवर मागं बसून, वही छातीशी धरून ते आले. तो अंगणात जाळं विणत होता. आम्हाला पाहून घाईघाईनं उठला, खुर्च्या आणल्या. मामा बसलेच नाहीत.

"तुका टीममधून काढूक माझी वही कारण झाली रे. माका माफ कर."

तो खाली बघत म्हणाला, "तुमी काय खोटां लिवलास, मामा? चेंडू माझ्याकडे येयच नाय." मी उगाच माडांकडे पाहत उभा राहिलो.

मामांनी शेवटच्या सामन्याचं पान उघडून त्याच्या पुढ्यात धरलं आणि एकेका रेघेवर बोट ठेवून सांगितलं. ह्यो त्यांचो नऊ नंबरवालो, तुका बघून परत गेलो. ह्यो सातवालो, वळलो. ह्यो परत नऊवालो. चौदाच्या चौदा रेघा त्यांनी सांगितल्या. तो ऐकता ऐकता हळूहळू खाली टेकला. मग म्हणाला, "ह्यां पान माका देशात?"

वहीचं पान फाडणं म्हणजे मामांच्या लेखी पाप. तीस वर्षांत त्यांनी खाणीच्या साहेबालाही पान फाडून दिलं नव्हतं, नक्कल करून द्यायचे. त्यांनी ते फाडलं. सवय नव्हती, त्यामुळे एका बाजूनं तिरकं फाटलं. त्यानं ते दोन्ही हातांत घेतलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. आई पदराला हात पुसत आली. "ह्यां काय रे?"

"आये," तो म्हणाला, "ह्यां माझां काम."

परतताना पेडण्याजवळ मामा माझ्या पाठीमागून म्हणाले, "बारा वर्षां तो थंय उभो होतो रे." आज मामा नाहीत. क्लबात आता कॅमेरे आहेत, दोन हुशार मुलं आहेत, कोण किती धावला ते पडद्यावर दिसतं, आणि ते खरंच असतं. सामना संपला की मी ते आकडे बघतो, आणि त्या वेळी शेजारच्या खुर्चीत मामा हवे होते असं मला फार वाटतं.