रुखवतातली रेल्वे

माझी नणंद सुगंधाबाई भुसावळला रेल्वे कॉलनीत राहायची. तिचे मालक पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. मूलबाळ झालं नाही, पण तिने त्याचं रडगाणं कधी गायलं नाही. हात सतत कशात ना कशात. शेजारच्या ग्रेसबाई नाताळात घरच्या बिस्किटांवर साखरेची नक्षी काढायच्या, ती हिने बघून बघून उचलली. पिठीसाखरेत अंड्यातलं पांढरं घालून घोटायचं, कागदाच्या कोनात भरायचं. बिस्किटाच्या कडेने घट्ट बांध घालायचा, मग आत पातळ साखर सोडायची.

"वहिनी, केळीच्या वाफ्यात पाणी सोडतात ना, तस्सं," मला म्हणाली. मी शाळेची पायरी जेमतेम चढलेली, पण वाफा मला कळतो.

सत्त्याऐंशी साली आमच्या सुनंदाचं लग्न ठरलं, मुलगा धुळ्याचा. रुखवत आत्याचं, असं सुगंधाने आधीच बजावलं. भडगावला आमच्याकडे येऊन तिने हबीबभाईंच्या भट्टीतून बिस्किटं भाजून आणली आणि त्यांची आख्खी रेल्वे केली. इंजिन, डबे, खिडक्या, खिडकीत माणसं. इंजिनाला जिलेबीचा रंग. गल्लीतल्या बाया बघायला लोटल्या.

लग्नाला दोन दिवस उरले आणि व्याह्यांचा निरोप आला. आमच्याकडचे बरेच जण माळकरी आहेत, स्वयंपाकात कांदा-लसूणसुद्धा नको.

आमचे मालक मोतीलाल, म्हणजे सुगंधाचे भाऊ, मटकन बसले. "कांदा चालत नाही तिथं अंडं? मांडवातून उठून जातील. पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. करंज्या मांड आणि मोकळी हो."

"करंज्या सगळेच मांडतात, दादा."

"मग तू काय मांडणार?"

"रेल्वेच मांडणार. ही नाही, दुसरी."

पहिली गाडी तिने उचलून हबीबभाईंच्या पोरांना दिली. त्यांनी ईद नसताना ईद केली. हबीबभाईंनी बिस्किटं पुन्हा भाजून दिली, त्यांत तूप, मैदा, साखर, बास. पण वरची नक्षी? दुधात साखर घोटली, ती ओघळली. लिंबू पिळलं, तर वाळल्यावर टवके निघाले. सुगंधाने कोन खाली ठेवला. मी म्हटलं, जाऊ दे गं बाई, करंज्यांना काय काटे आहेत?

माझी धाकटी जाऊ तेव्हा बाळंतीण होती. तिच्या लाडवांचा डिंक काढायला मी ओल्या हाताने डबा उघडला आणि बोटं अशी चिकटली की सुटेनात. मी हसत होते. सुगंधा हसली नाही. माझं मनगट धरून बोटांकडे बघत राहिली.

तिने डिंक भिजवला, मलमलीतून गाळला, पिठीसाखरेत घोटला. कोनातून रेघ सोडली. रेघ जागची हलली नाही. वैशाखाचं ऊन, दुपारपर्यंत दगडासारखी वाळली. मग काय! पहिल्या गाडीला नव्हता तो गार्डसुद्धा झेंडी घेऊन उभा राहिला.

लग्नाच्या दिवशी रुखवतापुढे नवऱ्यामुलाची आत्या भिकुबाई आली. गळ्यात तुळशीची माळ, डोळ्यांवर चष्मा, आणि अहिराणी जीभ अशी की अडकित्ता बरा.

"यामा अंडं शे का? रेल्वेवाल्यास्नं काही सांगता येत नही."

सुनंदाने मान खाली घातली. मोतीलाल खांबाला धरून उभे.

सुगंधा पदर खोचून पुढे झाली. "नही अक्का. डिंक शे, बाळंतिणीचा. खाऊन बघा, कंबर ताठ होईल."

बाया फिस्सकन हसल्या. भिकुबाईने माळेला हात लावला, शेवटचा डबा उचलला आणि मोडून तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिली. तोवर माझी गावातल्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाली.

तिने दुसरा तुकडा घेतला. मग एक पोरगं इंजिनाकडे सरकलं, तर त्याच्या हातावर चापट मारली.

"हात लावू नका कोन्ही! हाई बठ्ठी गाडी धुयाले जाई. आमच्या गल्लीले दाखाडनी शे." म्हणजे अख्खी गाडी धुळ्याला, तिच्या गल्लीला दाखवायला.

वऱ्हाडाच्या एस.टी.त भिकुबाईने रेल्वेची परात शेजारच्या सीटवर ठेवली आणि वरून पदर धरला. तिचे मालक जागा मागायला आले. "दिसत नही का, गाडी बसेल शे?" म्हणाली.

ते बिचारे धुळ्यापर्यंत उभे गेले. सुगंधाची रेल्वे बसून गेली.