रशीदाआपा पुन्हा मशीनवर बसल्या

रशीदाआपांची आणि माझी पहिली भेट मानोऱ्याला, त्यांच्या टेलरिंगच्या दुकानाच्या पायरीवर झाली. बारावीनंतर माझे शिक्षण थांबले होते. आई-बाबा ऊसतोडीला निघाले होते आणि या खेपेला आपण सोबत जायचे नाही, असे मी ठरवले होते. तांड्यावरून तडक मानोऱ्याला आले आणि आपांना काम मागितले. त्यांनी नाव-गाव नंतर विचारले. आधी एक बिघडलेले ब्लाऊज हातात दिले.

‘हे उसव. कापड फाटलं नाही पाह्यजे.’

उसवून झाल्यावर त्यांनी ते कापड उजेडात धरून पाहिले आणि ‘उद्या ये’ एवढेच म्हणाल्या. मी गेले, ती त्यांच्याकडेच राहिले. आई-बाबा परत येईपर्यंत त्यांचेच घर माझे घर होते. रमजानचा महिना लागला, तेव्हा आपांच्या समोर कसे जेवायचे, म्हणून मी दुपारची उपाशीच बसले. आपांच्या ते लक्षात आले. म्हणाल्या, ‘संगीता, रोजा माहा हाय, तुहा नाही. जेव गुपचूप.’ आणि मी जेवेपर्यंत समोर बसून ब्लाऊजची काजे करत राहिल्या.

तेव्हा दुकानात दोनच मशिनी होत्या. माप घेताना आपा गिऱ्हाइकाशी बोलत असत. लग्न कोणाचे, चुलीपुढे बसायचे आहे की वरातीत नाचायचे आहे, सगळे विचारून मगच कापडाला कात्री लावत. पुढे शाळांच्या गणवेशांचे काम मिळाले आणि दुकान वाढले. मागची खोली घेतली, मशिनींची रांग लागली, तांड्यांवरच्या आणि गावातल्या कितीतरी बायांना रोजगार मिळाला. लोक आपांना ‘शेठानी’ म्हणू लागले. आपांचा दिवस मात्र फोनवर, ऑफिसांच्या दारांत आणि सुताच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करण्यात जाऊ लागला. कात्री त्यांच्या हातून सुटली. सकाळी त्या दुकानासमोर ऑटोतून उतरत आणि आत यायच्या आधी उगाच रस्त्यावर उभ्या राहत. त्यांना आत यावेसे वाटत नाही, हे आम्हाला दिसत होते, पण बोलणार कोण?

शाळा उघडायच्या तोंडावर, गणवेशांची घाई चालली असताना, केनवडकडून एक म्हातारी आली. तिच्या पाठीला मोठे कुबड होते. नातवाच्या लग्नात घालायला तिला ब्लाऊज हवे होते. तयार ब्लाऊज तिच्या अंगात बसत नव्हते आणि दुसऱ्या दुकानांनी तिला परत पाठवले होते. आम्हीही ‘आज्जी, आता टाइम नाही’ म्हटले. ती पायरीकडे वळली. आपा एका कंत्राटदाराशी फोनवर बोलत होत्या. त्यांनी ‘मंग फोन करते’ म्हणून फोन ठेवला आणि म्हातारीला हाताला धरून आत नेले.

सारी दुपार त्या तिच्यापाशी होत्या. आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर बेतून पाहिले, ते जमले नाही म्हणून पुन्हा बेतले. हात वर करावा लागू नये म्हणून गुंड्या पुढे घेतल्या, पाठीला वेगळा जोड दिला. फोन वाजत राहिला. म्हातारीने ब्लाऊज तिथेच घातले, आरशात समोरून पाहिले, बाजूने पाहिले आणि म्हणाली, ‘आता फोटोत मी बी पुढं उभी राहीन. मांगं उभं करून तर दाखवा म्हना!’

आपा खदखदून हसल्या. असे हसणे आम्ही फार दिवसांनी ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बसवले. ‘गणवेशाचं काम मी सोडून राह्यली,’ म्हणाल्या. मी म्हटले, ‘आपा, तुमाले कामात मजा पाह्यजे, पन आमाले मजुरी पाह्यजे. आमी काय करावं?’

काही दिवसांनी एका सकाळी आपा मला म्हणाल्या, ‘गणवेशाचं काम आता तुमी बायाच पाहा. चाल, शाळेत जाऊ. आजपासून तू बोलाचं.’

त्या हंगामभर त्यांनी मला सोबत फिरवले. कापडाचा भाव कसा ठरवायचा, वायदा कसा द्यायचा आणि न झेपणाऱ्या वायद्याला नाही कसे म्हणायचे, ते शिकवले. मी आत बोलायची तेव्हा त्या बाहेर बाकावर बसत. एका शिक्षणसंस्थेच्या कारभाऱ्यांनी त्यांना आत बोलावून सांगितले, ‘तांड्यावरच्या पोरीशी कायचा व्यवहार? तुम्ही असाल तरच काम देऊ.’ आपा उठल्या. ‘मंग राहू द्या,’ म्हणाल्या. ते काम गेले. त्यांच्या मुलाने, अस्लमभाईंनी, पुष्कळ समजावले, पण आपा बधल्या नाहीत. ती शाळा आजही आमच्याकडे नाही. दुसऱ्या शाळा मिळाल्या. मागच्या खोलीतल्या साऱ्या मशिनी आता आम्ही बायाच मिळून चालवतो आणि एकीचाही रोजगार बुडाला नाही.

आपा पुढच्या खोलीत एकाच मशीनवर बसल्या. अस्लमभाई कळवळून म्हणाले, ‘अम्मी, इतका धंदा वाढवला अन् पुन्हा एका मशीनवर? लोकं हसून राह्यले.’

‘हसू दे. मी बी हसूनच राह्यली,’ आपा म्हणाल्या.

आज त्यांच्याकडे तयार कपडे ज्यांच्या अंगात बसत नाहीत अशी माणसे येतात. एक हात वाळलेला तरुण, छातीचे ऑपरेशन झालेली बाई, अंगावर पाजणारी आई. पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत गर्दी वाढते, पण आपा झेपेल तेवढेच काम घेतात. त्यांनी दारावर पाटी लावली आहे : ‘घाई असल्यास दुसरीकडे जावे.’ तरी लोक थांबतात. सकाळी आम्ही कुलूप उघडायला येतो, तेव्हा आपा आमच्या आधी पायरीवर हजर असतात आणि आम्हालाच उशीर झाला म्हणून रागावतात.

आपांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे, हे सांगायला मी गेले, तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. ‘हार घालून घरी बसवता का मले? औंदा मले कोट शिवाले शिकाचं हाय. आजवर कधी शिवला नाही.’ टेबलावर खडूने आखलेले कापड पडलेच होते.

रशीदाआपा, तुम्हाला खूप मोठे आयुष्य लाभो. तुमची नजर, तुमचे गुडघे आणि तुमची बोटे तुमच्या हट्टाला पुरून उरोत. कोट तुम्ही शिवणारच, याबद्दल आम्हाला शंका नाही. पहिला तिरपा झाला, तर तो मी अंगात घालीन आणि भर बाजाराच्या दिवशी मानोऱ्यातून मिरवीन. तुम्ही तेवढा दुसरा बेतायला घ्या.