रेग्युलेटर माझ्या पर्समध्ये होता

मुरुड म्हटलं की पुण्यामुंबईकडची माणसं लगेच समुद्राचं विचारतात. ते मुरुड वेगळं. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या मुरुडला समुद्र नाही, बाजार आहे, आणि त्या बाजाराच्या मागच्या गल्लीत सिंधुबाई राहतात. साठीच्या आसपासच्या, बुटक्या, मनगटांवर तेलाचे जुने चटके. कन्याकुमारी, रामेश्वर, पुरी, गणपतीपुळे, गोवा, एवढे किनारे फिरलेली बाई आमच्या भागात दुसरी सापडायची नाही. आणि मागच्या जानेवारीपर्यंत या बाईनं समुद्र धड पाहिलेला नव्हता. हे मला कळलं तेव्हा माझं डोकं तापलं, ते अजून उतरलेलं नाही.

कारण सांगते. आमच्याकडच्या यात्रा कंपन्यांची एक रीत आहे. बसमध्ये माणसांच्या आधी ज्वारीचं पीठ चढतं. मग शेगड्या, सिलिंडर, परात, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकीण. यात्रेकरू देश पाहायला निघतात, पण तोंडात घास मात्र घरचाच पाहिजे. हजार किलोमीटर जायचं आणि तिथं बसून पिठलं-भाकरी खायची. याला कंपनीच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'घरच्यासारखं जेवण' म्हणतात. ते घरच्यासारखं व्हायला कुणाचं तरी घर धर्मशाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवावं लागतं, ते जाहिरातीत नसतं.

सिंधुबाईंना कन्याकुमारीचं विचारा. त्या सांगतील, तिथं तुरीची डाळ शिजता शिजत नाही. पुरी कशी आहे? नळाला पाणी पहाटेच येतं, भरून ठेवावं लागतं. गोवा? पिठाला ओल धरते, भाकरी थापताना तुटते. मंडळी सूर्योदय बघत होती तेव्हा या चहा करत होत्या, मंडळी सूर्यास्त बघत होती तेव्हा या कणीक मळत होत्या. मंडळी परत येऊन 'काय सुंदर, काय सुंदर' म्हणत पंगतीला बसली की या वाढत होत्या.

मी लातूरला कॉलेजात इतिहास शिकवला. निवृत्त झाले, नवरा गेला, मुलगी म्हणाली, आई, जरा फिरून ये. म्हणून मागच्या जानेवारीत पहिल्यांदाच अशा यात्रेला निघाले. हैदराबाद, अन्नवरम आणि शेवटी विशाखापट्टणम. बसमध्ये माझी जागा अगदी मागं, पिठाच्या डब्यांच्या शेजारी, म्हणजे सिंधुबाईंच्या शेजारी. तिथं गप्पांत मला सगळं समजलं. आणखी एक समजलं. पुढच्या हंगामापासून कंपनी हॉटेलातलं जेवण देणार होती. ही सिंधुबाईंची शेवटची यात्रा.

त्यांनी निघायच्या आधी कंपनीच्या मालकाकडं, अंबरीशकडं, एकच गोष्ट मागून घेतली होती. विशाखापट्टणमला एक सकाळ सुट्टी. समुद्रावर जायचं आणि तिथंच दुसऱ्या कुणी तरी केलेलं खायचं. गरम, बसून. अंबरीश हो म्हणाला होता. त्या दिवशी सगळ्यांचं दुपारचं जेवण बाहेर, असं ठरलंही होतं.

तिथं पोचल्यावर संध्याकाळी चहाला रेणुकादासांनी विषय काढला. हे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, साहेबी मात्र अजून सेवेत असलेली. म्हणाले, इथं सगळ्यात चिंच आणि लाल तिखट घालतात, आपल्याला बाधेल. त्यापेक्षा सकाळी सिंहाचलमचं दर्शन करू आणि दुपारी समुद्रकाठी बसून पिठलं-भाकरी खाऊ, मजा येईल. चार माना हलल्या. अंबरीशनं माझ्याकडं पाहिलं नाही, सिंधुबाईंकडंही पाहिलं नाही, आणि हो म्हणाला.

मी उठून म्हटलं की त्या बाईंना सुट्टी कबूल केली आहे.

"सौदामिनीताई, सुट्टी परवा घेतील की," रेणुकादास म्हणाले. "समुद्र काय कुठं पळून चाललाय?"

परवा आम्ही परतीच्या रस्त्याला लागणार होतो. हे त्यांना माहीत होतं.

मी तिथं बरंच बोलले, सगळं इथं लिहीत नाही. घरचंच खायचं होतं तर घरीच का नाही राहिलात, असं विचारलं. त्यावर दुसरा चहा मागवला गेला, आणि तो आणायलाही सिंधुबाईच उठल्या. मला राग त्यांचाही आला. कप गोळा केले आणि आत गेल्या.

सकाळी गुडघे दुखतात म्हणून मी सिंहाचलमच्या बसमध्ये चढले नाही. गुडघे ठणठणीत होते. बस गेल्यावर धर्मशाळेच्या मागच्या शेडमध्ये गेले. सिंधुबाई पीठ भिजवत होत्या. पत्रा तापलेला, समोर कंपाउंडची भिंत, आणि भिंतीच्या पलीकडून समुद्राचा वास येत होता. चालत गेलं असतं तरी पोचलो असतो.

म्हटलं, उठा, आपण निघू.

त्या म्हणाल्या, न्हाई बाई, मंडळी उपाशी राहतील, माझ्यावर बोल येईल. इतकी वर्षं कुणाचं ताट मागं राहिलं न्हाई, आता शेवटाला कशाला.

मी समजावून सांगायच्या वयाची उरलेली नाही. सिलिंडरची चावी फिरवली, रेग्युलेटर काढला आणि पर्समध्ये टाकला.

"बाई, हे काय करायलात?"

"चोरी. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

त्यांनी एकदा माझ्या पर्सकडं पाहिलं. मग पिठावर ओलं फडकं टाकलं, हात धुतले आणि विचारलं, "लुगडं बदलू का?"

पेटीतून त्यांनी एक हिरवं लुगडं काढलं. घडीवर बसलेल्या रेषा पांढुरक्या पडल्या होत्या. दर यात्रेला ते पेटीत येतं आणि तसंच परत जातं, हे त्यांनी मला नंतर रिक्षात सांगितलं. बेसनाचा डबा हलवावा तसं सहज सांगितलं. मी बाहेर रस्त्याकडं बघत राहिले, कारण त्या वेळी मी बोलले असते तर रिक्षावाल्यावर ओरडले असते.

किनाऱ्यावर ऊन चटचटत होतं. नौदलाची जुनी पाणबुडी लोकांना बघायला वाळूवर ओढून ठेवलेली आहे तिथं पोरांची रांग, चुरमुऱ्यांचं भडंग विकणारे, शिंपल्यांच्या माळा. सिंधुबाई कशाकडंच न बघता सरळ पाण्याकडं निघाल्या. चपला हातात. लाट पायावर आली तेव्हा मागं सरकल्या, मग पुढं गेल्या. वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं.

"मीठ लई झालंय," म्हणाल्या. "आमटी असती तर रेणुकादास साहेबांनी ताट सारलं असतं."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. त्यांची नजर पाण्यावरच होती.

रस्त्याच्या कडेला एका बाईची गाडी होती. तव्यावर मुगाचे हिरवे डोसे, त्यांना तिकडं पेसरट्टू म्हणतात, आणि त्यात उपमा भरून देतात. मी हातवारे करायला लागले तर सिंधुबाईंनीच मला बाजूला केलं आणि तेलुगूत सांगितलं, "रेंडु, वेडिगा." दोन, गरम. त्यांचं माहेर देगलूर, शेजारपाजार सगळा तेलुगू बोलणारा. इतक्या वर्षांत या भाषेत बोलायला कंपनीनं त्यांना माणूस भेटू दिला नव्हता. ताटली हातात आली आणि त्या उभ्यानंच खायला लागल्या, भरभर, पंगत उठायच्या आत आटपायचं असतं तसं. गाडीवाली तवा पुसता पुसता काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"बसा म्हणती."

स्टूल होतं. बसल्या. मग हळू खाल्लं. आल्याच्या चटणीला नाव ठेवलं, मूग बारीक वाटलेत म्हणून वाखाणले, आणि अजून एक मागितला.

दुसरा अर्धा झाला असेल तेव्हा त्यांचा फोन वाजला. अंबरीश. मी हात पुढं केला, पण फोन त्यांनीच घेतला. तिकडून चांगलाच आवाज चढलेला मला ऐकू येत होता. मंडळी बसमध्ये बसली आहेत, ऊन झालं आहे, भाकरी कुठं, तुम्ही कुठं. सिंधुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हात पदराला पुसला.

"मी जेवायले," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

पुढं काय झालं ते थोडक्यात. बहुतेक मंडळींनी जवळच्याच एका खानावळीत केळीच्या पानावर भात, पप्पू म्हणजे तिकडचं वरण, आणि लोणचं खाल्लं. डोळ्यांतून पाणी काढत, पुन्हा मागून घेत. कुणालाही बाधलं नाही. रेणुकादास बसमध्ये बिस्किटाचा पुडा घेऊन बसले आणि माझ्याशी अजून बोलत नाहीत, ही या यात्रेची माझी कमाई. अंबरीश मात्र आम्हाला शोधत वाळूतून चालत आमच्यापर्यंत आला. माझ्यावर खेकसायची त्याची हिंमत झाली नाही, म्हणून सिंधुबाईंवर खेकसला. कंपनीचं नाव खराब केलंत म्हणाला. मी त्याला विचारलं, शब्द कुणी मोडला? तो बुटातली वाळू झाडायला लागला. एवढी वर्षं ज्या बाईच्या हातचं खाऊन त्याचा धंदा वाढला, तिला शेवटच्या यात्रेत 'बसा' म्हणायला एक अनोळखी गाडीवाली लागली. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. परत सांगेन.

मंडळी रोपवेनं टेकडीवर गेली. आम्ही दोघी तिथंच राहिलो. सिंधुबाई वाळूत पाय पसरून बसल्या होत्या, लुगड्याचा काठ भिजून काळपट झालेला. ऊन उतरायला लागलं, पाण्याचा रंग बदलला, तेव्हा त्यांनी तळवा माझ्यापुढं धरला.

"द्या बाई तो रेग्युलेटर. संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागायला पाहिजे."

मी पर्स उघडली. रेग्युलेटर काढून त्यांच्या हातावर ठेवला. काय बोलायचं ते माझं बोलून झालं होतं, पुढचं त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं.

तो त्यांनी थोडा वेळ हातात धरला, उलटसुलट पाहिला. मग माझ्या पर्सची चेन स्वतः उघडून पुन्हा आत टाकला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "म्हणावं, सापडना झालाय."