शेपटीवाल्या बाईचा चकवा

"आजी, आपण इथून ऑलरेडी गेलो," नात म्हणाली आणि मघाशी मीच टाकलेली संत्र्याची साल तिने दाखवली. बाटलीत पाणी उरलं नव्हतं. ओमानमधल्या रुस्ताकच्या पुढच्या वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रात, आम्ही फिरून त्याच दगडापाशी आलो होतो. सहलीची माणसं खाली गाड्यांजवळ. मी आडोशाला म्हणून आत शिरले, ही सोबतीला आली आणि परतताना वाट चुकली. फोनला रेंज नाही, ऊन उतरलेलं आणि माझा गुडघा सुजलेला.

"चकवा लागला," मी म्हणाले.

"कोण तो?"

"कोकणातलं भूत. माणसाला गोल गोल फिरवतं."

तिचे डोळे चमकले. तिच्या टॅबवरच्या खेळात नॉर्वेच्या जंगलातली एक बाई आहे, तीही हेच करते म्हणे.

"तिला गाईची शेपटी असते, आजी. गेममध्ये क्यूट आहे. पण जुन्या स्टोरीत तिची पाठ पोकळ असते, सडलेल्या झाडासारखी."

आमच्या हडळीचे पाय उलटे, हिला शेपटी. बाईला बदनाम करण्यात सगळे देश सारखेच.

"इथे जंगल कुठाय? नुसते दगड."

"तिला चालतं. कपडे उलटे घातले की ती सोडते."

"आमच्यात खाली बसतात. पुढे पाऊल टाकायचं नाही."

"मग दोन्ही करू!"

पोर रडत नव्हती, म्हणून मी ऐकलं. तिने करडं जाकीट उलटं घातलं. आतलं अस्तर लालभडक. मी स्वेटर उलटा केला. साडी मात्र सोडणार नाही म्हटलं, भूत असो की भुताचा बाप. मग एका उंच दगडावर जाऊन बसलो.

"पप्पा येतील?"

"न येऊन जातो कुठे!"

बऱ्याच वेळाने वरच्या कड्यावरून मुलाची हाक आली. "लाल दिसतंय! हलू नका!"

नात दगडावर उभी राहून नाचायला लागली. "खलास! हरली शेपटीवाली!" मीही दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. लग्नानंतर पहिलीच.

मुलगा धापा टाकत उतरला. "आई, करडं जाकीट शोधत होतो मी. इथे सगळंच करडं!"

"मी उलटं केलं," नात म्हणाली.

"मी बसवलं," मी म्हणाले.

त्याने पाठीवर घेतो म्हटलं. मी चालत उतरले.

मी एकाहत्तरची, ती नऊची. दोघी जिवंत आहोत.