आच

नव्या गॅस ओव्हनच्या काचेतून मी नानकटाई बघत बसले होते. बटणाने लावलेल्या आकड्याएवढी उष्णता झाली की ज्योत आपोआप विझायची, जरा उतरली की टिकटिक करत पुन्हा पेटायची. हे शेजारी खुर्ची ओढून बसले. "बघ, किती कळतं याला!"

तीस वर्षं मी कढईत वाळू तापवून नानकटाई भाजली. झाकणाला बोटं लावून आच ओळखायची, लगेच गॅस कमीजास्त करायचा. बोटांची कातडी राठ झाली. तेव्हा हे बाहेरूनच विचारायचे, "करपली का गं?" यंत्राला कळलं तर कौतुक, बाईला कळायलाच हवं असतं.

सवयीने माझा हात ओव्हनच्या दाराकडे गेला.

"अगं हळू," हे कळवळून म्हणाले, "काचेवर बोटांचे डाग पडतील."