कवडूची काळी तार

आमच्या पोस्टरवर लिहिलेलं राहे, 'देवकाबाई आणि पार्टी'. देवकाबाई म्हणजे मी. कवडू त्या 'आणि पार्टी'त. छत्तीस वर्षं तो माह्या मागं, भोंग्याच्या आडोशाले उभा राहून बेस गिटार वाजवत होता. भीमजयंती असो का विहाराचा वर्धापनदिन, कवडू हजर. पण त्याचं नाव एकाही पोस्टरवर आलं नाही. मीच येऊ देलं नाही म्हणा ना. चार तारांचं ते धूड, नुसतं धब धब करते, त्याचं काय नाव छापायचं?

दिवसा कवडू मोटारी भरे. पांढुर्ण्यात बसस्टँडच्या मागं त्याचं वाइंडिंगचं दुकान हाय. संत्र्याच्या बगीच्यातली पंपाची मोटार जळली का लोक त्याच्याकडं आणत. तो ती खोले, मीटर लावून तपासे, जळलेलं वाइंडिंग छिन्नीनं कापून काढे, नवी तांब्याची तार भरे आणि वार्निश मारून वाळत ठेवे. हाताचा मोठा हुशार. तोंडाचा मात्र मुका. कोणी काही बोललं का खाली पाहे. असा माणूस दिसला का माह्या जिभेले खाज सुटे, खोटं कायले बोलू?

मी त्याले लय छळलं. भर कार्यक्रमात माईकवरून विचारत होती, "काहो कवडूभाऊ, गिटार वाजून राहिली का पोट गुरगुरून राहिलं?" लोधीखेडा, बोरगाव, सौंसर, जिथं कार्यक्रम तिथं हाच जोक. लोक हसून हसून लोळत. कवडूही हासे, आणि पुढच्या गाण्याची पट्टी मुकाट्यानं धरून देई.

ती गिटार त्याले रेल्वेच्या एका गार्डसाहेबानं बदलीवर जाताना देली होती. बाहेरदेशातली, एकोणीसशे चौसष्ट सालची. तिच्या दांड्यावर शिसमाची काळी पट्टी होती, तिले फिंगरबोर्ड म्हणतात. कवडूच्या बोटांनी त्या लाकडात खळगे पडले होते. तारांच्या खाली दोन तुकड्यांची एक डबी होती, ते पिकप. त्यात चुंबक आणि केसासारख्या तारेचं वेटोळं. वरची तार थरथरली का हे वेटोळं तो आवाज उचलून भोंग्याले देते. हे सगळं मले मागून समजलं. तवा मले माह्या गळ्यापलीकडं काही ऐकू येत नव्हतं.

मागच्या वर्षी नागपूरहून त्याले फोन आला. अभिजीत नावाचा पोरगा, स्टुडिओ चालवते. आमच्या सौंसरच्या कार्यक्रमाची तीस वर्षं जुनी कॅसेट कोणीतरी मोबाईलवर टाकली होती, ती त्यानं ऐकली. कवडूनं फोनचा आवाज मोठा केला आणि अख्खं दुकान ऐकू लागलं. मीही तिथंच होती.

"गाणाऱ्या बाईंचं नंतर पाहू," पोरगा म्हणाला. "खाली जी गिटार वाजते ना काका, ती मले पाहिजे. तीच गिटार, तोच आवाज. जुन्या गाण्यांची नवी रेकॉर्डिंग करून राहिलो. नाव तुमचंच पहिलं राहीन."

कवडूचे डोळे भरून आले. साठीचा माणूस, पोट्ट्यासारखा माह्याकडं पाहून म्हणे, "बाई, त्याले ऐकू आलं वो." त्याची बायको कमल घरोघरी सांगत फिरली, आमच्या यांचं नाव येणार हाय. आणि माह्या अंगाचा तिळपापड झाला. गाणाऱ्या बाईचं नंतर पाहू? नंतर?

जायच्या चार दिवस आधी मी मुद्दाम दुकानात गेली. म्हटलं, "ही गुरगुर नागपूरले नेता का तशीच? आपल्या गावाची लाज काढसान. रिपेर तरी करा." तो म्हणाला, "थोडी घरघर हाय खरी." त्यानं पिकप खोललं. आतली तार काळपट तपकिरी, जुन्या गुळासारखी. त्यानं मीटरकडं हात नेला.

आता मोटारीच्या धंद्यात तार काळी पडली म्हणजे जळली, हे तिथलं शेंबडं पोरगंही सांगते. मीही तेवढंच ऐकून होती. मी हातावर हात मारला आणि म्हटलं, "आता मीटर कायले लावता? काळंठिक्कर पडलं ते! मले दुरूनच समजून राहिलं. छत्तीस वर्षं जळकी गिटार वाजवली या बाप्पानं!" मोटारी घेऊन आलेले लोक फस्सकन हासले. कवडूही हासला. त्यानं मीटर खाली ठेवला आणि छिन्नी उचलली.

मले त्यातलं ओ का ठो समजत नव्हतं. मले फक्त लोकायले त्याच्यावर हासवायचं होतं, एक वार अजून.

मग त्यानं लाल चकचकीत नवी तार भरली, वार्निश मारलं. नवरदेवच सजवायचा तं पुरा सजवू, म्हणून शिसमावरचे खळगे भुसा आणि सरसानं बुजवले आणि वरून पलंगाले करतात तशी पॉलिश केली. गिटार चमकू लागली. कमलनं तिले हार घातला.

नागपूरले मीही सोबत गेली. मले कोणी बोलावलं नव्हतं. कवडूनं नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. त्यानं पहिली तार छेडली आणि पत्र्याच्या डब्यावर गोटा पडावा तसा आवाज झाला. दुसरी छेडली, तोच. अभिजीतनं गिटार मांडीवर घेतली, पिकपचं झाकण काढलं आणि कपाळाले हात लावला.

"काका, कोण्या गाढवानं कापलं हे?"

"जळलं होतं ना," कवडू म्हणाला.

"जळलं नव्हतं हो! त्या सालच्या तारेवर मुलामाच काळा राहत होता. कोण्या गिटारीची पट्टी पांढऱ्या लाकडाची, कोणाची शिसमाची, कोणाले एक पिकप, कोणाले दोन. हरेकीचा गळा वेगळा. तुमचा आवाज या शिसमानं आणि त्या काळ्या तारेनं मिळून होता. आता ती तार कुठून आणू मी? कापायच्या आधी मीटर तरी लावायचा होता!"

कवडूनं माह्याकडं पाह्यलं. खाली नाही, सरळ माह्याकडं. मी वरचा पंखा पाहू लागली.

"मीच कापलं," तो म्हणाला. "नाही लावला मीटर."

अभिजीतनं झाकण बसवून गिटार त्याले परत देली. मग अभिजीत माह्याकडं वळला. "बाई, आल्याच आहात तं तुम्ही गाऊन जा. खालची गिटार कंप्युटरवर करून घेऊ." तवा मी नाही म्हणायले पाहिजे होतं. मी पदर नीट केला आणि आत गेली. मधात काच होती. मी तीन गाणी गायली, आणि तिन्ही गाणी कवडू काचेपलीकडं बाकड्यावर गिटार मांडीवर घेऊन ऐकत बसला.

रेकॉर्डिंग निघाली. नाव माहं एकटीचं. 'आणि पार्टी' हे दोन शब्दही गेले. गल्लीतल्या बाया कमलले विचारत, "काहो, तुमच्या यांचं नाव कोणत्या कोपऱ्यात हाय?" कमलनं बाहेर बसणं सोडलं. कवडूनं वाजवणं सोडलं. ह्या जयंतीले मी कंप्युटरवाल्या पोराले मागं घेऊन गायली आणि दुसऱ्याच कडव्यात सूर सुटला. पायाखालून कोणी सतरंजी ओढावी तसं झालं. छत्तीस वर्षं मी कोणाच्या भरवशावर गात होती, ते मले त्या स्टेजवर समजलं. लय उशिरा समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेली. माफी मागायची होती, घरून शब्द जुळवून आणले होते. दुकान भरलेलं. बोरगावचा एक जण मोटार खोलून बसला होता, आत वाइंडिंग काळं दिसत होतं.

"कवडूभाऊ, जळली का हो ही?" त्यानं विचारलं.

कवडूनं मोटारीकडं पाह्यलंच नाही. मीटर हातातच होता, तो त्यानं हळूच टेबलावर ठेवला.

"बाईले विचारा," तो म्हणाला. "त्यायले दुरूनच समजते."

दुकानातले सगळे खदाखदा हासले. कवडू हासला नाही. मी मात्र सवयीनं हासली.