नानांना आलेला जाईचा वास

आधीच सांगते, मी केमिस्ट्री शिकलेली बाई. तारापूरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करायचे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणार... पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, म्हणून लिहितेय.

साल १९८७, एप्रिल महिना. बोईसरला आमचं दोन खोल्यांचं घर – मी, मिस्टर आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही नाना म्हणायचो. एका मोठ्या तापानंतर नानांना वास येणं कायमचं बंद झालं होतं. दूध करपून घरभर धूर झाला तरी त्यांना पत्ता नसायचा!

त्या रविवारी मिस्टर ड्युटीवर होते. जेवणं झाली, मी भांडी घासत होते. आडवे झालेले नाना एकदम उठून बसले.

"पोरी, जाईचा वास येतोय."

मला हसूच आलं. "नाना, तुम्हाला?"

"हसू नको. आमच्या केळव्याच्या वाडीतली जाई हाय ती. चल, सुशीकडं जायचं."

सुशी म्हणजे नानांची धाकटी बहीण, आमच्या आत्या. केळव्याला वाडीत एकट्या राहायच्या. मी म्हटलं, जाई पावसाळ्यात फुलते, आता कुठली? पण नाना चपला घालून रस्त्यावर! भर उन्हात त्यांना एकटं कसं सोडणार... दोन एस.टी. बदलून पोचलो.

दार सताड उघडं. नाना थेट मागीलदारी गेले. जाईच्या मांडवाखाली आत्या पडलेल्या – पाय मुडपलेला, ओठ सुकलेले. तोंड आलं होतं म्हणून चावायला जाईचा पाला तोडत होत्या, स्टूल कलंडलं. सकाळपासून तशाच. शेजारचं घर लग्नाला गेलेलं. मी पाणी पाजलं, नानांनी नाक्यावरून रिक्षा आणली. पालघरच्या डॉक्टरांनी पाय प्लास्टरमध्ये घातला. म्हणाले, रात्र काढली असती तर कठीण होतं.

निघताना मी मुद्दाम मांडव पाहिला होता. एक कळीसुद्धा नव्हती. नानांना पुढे कधीच, कसलाच वास आला नाही.

आत्या पावसाळाभर आमच्याकडे राहिल्या. दोघं भावंडं दुपारी पत्ते खेळायची, पोरांसारखी भांडायची. घर नुसतं भरलेलं वाटायचं. एकदा मी विचारलंच, "आत्या, तुम्ही पडल्या पडल्या नानांना हाका मारल्या होत्या का हो?"

"ह्याला? हा बोईसरला, ह्याला काय ऐकू जाणार हाय! मी आपली शेजारच्या कमळीला बोलवीत होते."

"मग जाऊ दे, तुझी कमळीच यायला पायजे होती," नाना पत्ते पिसत म्हणाले, आणि दोघं खो खो हसत सुटली.

मी मात्र अजून कोड्यातच आहे.